लाइट गेलेच नव्हते!

‘ताई, सॉरी! रात्री अचानक लाइट गेले आणि माझं मशीन बसलं. फिल्म उद्या नाही देऊ शकणार.’

२०२४ च्या जुलैमधल्या एका बुधवारी सकाळी सव्वासातला मी हा मेसेज पाठवला. मशीन बसलं होतं, हे खरं. फिल्म देता येणार नव्हती, हेही खरं. पण लाइट? ते रात्रभर लख्ख होते! समोरच्या सोसायटीतले होते, आमच्या घरातले होते. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचे पंखेसुद्धा फिरत होते. फक्त स्क्रीन काळी होती आणि ती काळी करण्याचं काम मी स्वतःच्या हातांनी, रात्री पावणेदोन वाजता, पूर्ण शुद्धीत केलं होतं.

आपल्याकडे ‘लाइट गेले’ या दोन शब्दांवर कुणी वाद घालत नाही. ‘ट्रॅफिक होतं’ म्हटलं की लोक विचारतात, कुठे होतं? ‘बरं नव्हतं’ म्हटलं की विचारतात, आता कसं आहे? ‘लाइट गेले’ म्हटलं की समोरचा फक्त सुस्कारा टाकतो. एकदम सेफ कारण! असं मला वाटलं होतं. त्या सेफ कारणाने माझे चार दिवस कसे खाल्ले, त्याचीच ही गोष्ट.

आधी मशीनबद्दल. मी फ्रीलान्सर. लिहिते, शूट करते, एडिट करते, म्हणजे जे काम येईल ते करते. २०२१ मध्ये साठवलेल्या पैशांतून एक डेस्कटॉप जोडून घेतला. प्रोसेसर एएमडीचा रायझेन ५ ३६००. सहा कोअर, बारा थ्रेड, २०१९ चं मॉडेल. माझ्या बजेटमध्ये त्याहून बरं काही बसत नव्हतं. मदरबोर्ड घेताना दोनेक हजार वाचवले. या दोन हजारांकडे आपण परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

दोन-अडीच वर्षं मजेत गेली. मग कामं मोठी झाली, फोर-के फुटेज आलं आणि एक्स्पोर्टची ती पट्टी सरकताना बघणं म्हणजे शिक्षा वाटायला लागली. डिसेंबरात मामेभाऊ सुट्टीला घरी आला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, डोळ्यांवर सतत केस. त्याने माझं मशीन बघितलं आणि हसला.

‘‘ताई, हा अनलॉक्ड प्रोसेसर आहे. तू ओव्हरक्लॉक केला नाहीस?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे फुकटचा स्पीड! पडून आहे नुसता.’’

फुकट म्हटल्यावर पुण्यातल्या मुलीने काय करावं? बसलो दोघं.

फंडा तसा सोपा आहे. प्रोसेसरच्या आत एक ठोका चालू असतो. बोर्ड त्याला १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका देतो, प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. माझ्याकडे तो आकडा होता ३६, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झ. गरज पडली की तो आपणहून वर जातो; एखाद्याच कोअरवर काम असेल तर ४.२ पर्यंत, सगळ्या कोअरवर भार असेल तर माझ्या मशीनवर ३.९ च्या आसपास. तो गुणाकाराचा आकडा बायोसमध्ये जाऊन हाताने ४३ केला, की सगळे कोअर ४.३ वर पळायला लागतात. झालं ओव्हरक्लॉकिंग!

आता प्रश्न असा, की कंपनी स्वतःच ४.३ का देत नाही? कारण एकाच तबकडीतून कापलेल्या चिप्सही एकसारख्या नसतात. एखादी दणकट, एखादी नाजूक. शिवाय कुणी ती नागपूरच्या मे महिन्यात वापरणार, कुणी एसीत. कुणाच्या घरचं व्होल्टेज वरखाली होणार. या सगळ्यांत चिप चुकू नये म्हणून कंपनी थोडी जागा सोडून आकडा छापते. ओव्हरक्लॉकिंग करणारे ती सोडलेली जागा वापरतात.

हा छंद जुना आहे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला, तेव्हा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावायचा आणि त्याच्यापेक्षा कितीतरी महाग प्रोसेसरांना टक्कर द्यायचा. नंतर एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉनवर लोक चक्क शिसपेन्सिल चालवायचे. चिपच्या पाठीवरचे तुटक ठिपके ग्रॅफाइटने जोडले, की गुणाकाराचं कुलूप उघडायचं! भावाने हे सांगितलं तेव्हा मला हे लोक एकदम आपले वाटले. थोडक्यात जास्त मिळवायचं, हीच तर फ्रीलान्सरची रोजची कसरत.

पण फुकट काहीच नसतं. स्पीड वाढवला की चिपला व्होल्टेज जास्त लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. १.२ व्होल्टचे १.३५ केले की तेवढ्यानेच खर्च सव्वापट. त्यात वाढलेला स्पीड गुणला, तर दहा टक्के वेगासाठी जवळपास चाळीस टक्के जास्त वीज आणि तेवढीच जास्त उष्णता! त्यासाठी मी वेगळा मोठा कूलर घेतला. म्हणजे फुकटच्या स्पीडचं पहिलं बिल तिथेच फाटलं.

भाऊ जाताना बजावून गेला, ‘‘ताई, प्राइम९५ रात्रभर चालव. त्यात टिकलं तरच ठेव हं.’’ प्राइम९५ हे मुळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधायचं सॉफ्टवेअर. प्रोसेसरला इतकं दमवतं, की तो कुठे गणित चुकतोय का ते लगेच कळतं. मी वीस मिनिटं चालवलं. टिकलं. रात्रभर कोण बसणार? काम होतं ना!

एप्रिलात, पुण्याचा पारा चाळिशीला टेकला तेव्हा, एडिटिंग चालू असताना मशीन पहिल्यांदा गोठलं. मग महिन्यातून एकदा. मग आठवड्यातून. प्रत्येक वेळी मी रीस्टार्ट करायचे आणि सॉफ्टवेअरला शिव्या घालायचे. पाऊस सुरू झाला, हवा थंड झाली, तरी गोठणं थांबलं नाही. आकडा परत ३६ वर आणून बघावा, हा साधा उपाय मला सुचला नाही असं नाही. सुचला होता. नको होता.

आणि मग ती मंगळवारची रात्र. हातात एका संस्थेची बावीस मिनिटांची फिल्म. ऊसतोडणीला जाणाऱ्या आईबापांची मुलं, त्यांची सहा-सहा महिने सुटणारी शाळा, हा विषय. मी बीडमध्ये आठ दिवस राहून शूट केलं होतं. गुरुवारी द्यायची होती, रविवारी ती देणगीदारांपुढे दाखवली जाणार होती. संस्थेच्या ताईंनी वर्षभराचा एक मोठा प्रोजेक्टही पुढे सुचवून ठेवला होता. रात्री एकला एक्स्पोर्ट लावला, साठ टक्क्यांवर मशीन गोठलं. परत लावला, परत गोठलं. मला आठवलं, भाऊ म्हणाला होता की नव्या बायोसमध्ये स्टेबिलिटी सुधारते. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवली, विंडोजमधूनच अपडेटचा प्रोग्रॅम चालू केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये बसलेला प्रोग्रॅम. बटण दाबलं की तो सगळ्यात आधी उठतो, प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांना हाका मारून जागं करतो आणि मग विंडोजच्या हातात कारभार देतो. त्याच्या आजच्या अवताराचं नाव यूईएफआय, पण सगळे बायोसच म्हणतात. अपडेट करायचा म्हणजे जुना पुसून नवा लिहायचा. मधल्या मिनिटांत चिपमध्ये अर्धा जुना, अर्धा नवा असतो. त्या वेळी काही चुकलं, तर बटण दाबल्यावर उठायला कुणीच उरत नाही. म्हणूनच नियम असा, की बायोस अपडेट करण्याआधी ओव्हरक्लॉकिंग काढून सगळं मूळ सेटिंगवर आणायचं. मला नियम माहीत होता. पण त्याला एक रीस्टार्ट लागतो, परत आकडे भरायला पाच मिनिटं लागतात आणि मी घाईत होते.

सत्तेचाळीस टक्क्यांवर मशीन गोठलं.

मी पंचवीस मिनिटं त्या सत्तेचाळीसकडे बघत बसले. मग बटण दाबून बंद केलं. परत चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. बोर्डवरची ती नाण्यासारखी बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत लावली. त्याने सेटिंग पुसली जातात, मोडलेला बायोस दुरुस्त होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहाटे चारला मी रडले. साडेसहाला चहा केला. सव्वासातला मेसेज लिहिला.

खरं का नाही लिहिलं? आज शांतपणे विचार केला तर उत्तर सोपं आहे. फ्रीलान्सरची पत त्याच्या मशीनएवढी आणि शब्दाएवढी. ‘मी माझं मशीन हौसेने जास्त पळवलं आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री मोडलं,’ असं सांगणाऱ्या मुलीला वर्षभराचं काम कोण देणार? आणि घरात बाबा होते. नोकरी धर म्हणून त्यांनी दोन वर्षं कानीकपाळी ओरडून झालं होतं. त्यांना ‘बघ’ म्हणायची संधी मला द्यायची नव्हती. म्हणून त्यांनाही सकाळी तेच सांगितलं. ‘‘रात्री लाइट गेले हो बाबा, मशीन गेलं.’’ ते पेपर वाचत होते. ‘‘अस्सं,’’ म्हणाले.

बुधवारी दुपारी कॅबिनेट उचलून एका दुरुस्तीच्या दुकानात नेलं. ‘‘काय झालं मॅडम?’’ ‘‘लाइट गेले अचानक.’’ त्याने एसएमपीएस बदलून बघितला, मेमरी काढून घातली, बोर्डवर फुंकर मारली. ‘‘झटका बसलाय. बोर्ड गेला. नवा घ्या. प्रोसेसर पण गेला असेल तर सांगता येत नाही.’’ ताबडतोब हवा तर जो आहे तो, तो सांगेल त्या किमतीला. मी ‘बघते’ म्हणून बाहेर पडले. रिक्षात बसून मी त्या माणसावर चिडले होते. पण तो बिचारा करणार काय? मी झटका म्हणाले, त्याने झटका शोधला.

गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात संस्थेचा ऑफिसबॉय, हातात हे भलं मोठं खोकं. ‘‘ताईंनी पाठवलंय. तुमच्याकडे लाइट जातात ना, म्हणून. आमच्याकडे जास्तीचा होता.’’

यूपीएस! बॅटरीसकट, सात-आठ किलोचा. सोबत ताईंची चिठ्ठी : ‘काळजी करू नकोस. शनिवारी रात्रीपर्यंत दिलीस तरी चालेल. मशीन नीट झालं की हा लाव, परत असं व्हायला नको.’

तो यूपीएस हॉलमध्ये चपलांच्या स्टँडशेजारी ठेवला. दिवसभर तो तिथून माझ्याकडे बघत होता. मी जुना लॅपटॉप काढला, त्याच्यावर फिल्मचं प्रोजेक्ट उघडायचा प्रयत्न केला. डिस्क सुरक्षित होती, हे एक बरं. बायोस गेला तरी डिस्कवरच्या फाइल जात नाहीत. डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये घातली की दुसऱ्या मशीनवर दिसतात. पण त्या लॅपटॉपवर फोर-के एडिटिंग म्हणजे टेम्पोभर वऱ्हाड एका स्कूटरवर! तासाभरात तो तापून बंद पडला.

संध्याकाळी बाबा यूपीएसशेजारी खुर्ची ओढून बसले.

‘‘हे काय आलंय?’’

‘‘यूपीएस आहे. ताईंनी पाठवलाय. लाइट...’’

‘‘मंगळवारी रात्री मला झोप येत नव्हती,’’ बाबा म्हणाले. ‘‘तीन वाजेपर्यंत टीव्ही बघत होतो. आवाज बंद करून. लाइट गेले नव्हते.’’

दोन दिवस त्यांना माहीत होतं. दोन दिवस ते गप्प होते.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, सत्तावीस वर्षं. आधी ब्लॅक अँड व्हाइट, मग कलर, मग रिमोटवाले. फ्लॅट टीव्ही आले तसं काम आटत गेलं आणि २०१४ मध्ये त्यांनी शटर ओढलं. त्यांचा सोल्डर, मल्टिमीटर आणि भिंग एका पत्र्याच्या डब्यात माळ्यावर आहे. माझ्या कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांना काही विचारावं, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. जुन्या टीव्हीवाल्याला यातलं काय कळणार, असं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

‘‘दुकानात प्रत्येक जण हेच सांगायचा,’’ बाबा म्हणाले. ‘‘आपोआप बंद पडला. मी काहीच केलं नाही. मग मी मागचं झाकण उघडायचो, तर आत पाणी. पोराने ग्लास सांडलेला असायचा. पहिल्याच वाक्यात खरं सांगितलं असतं, तर माझा अर्धा दिवस आणि त्यांचे शंभर रुपये वाचले असते. काय झालं ते सांग. सगळं. मग उघडतो.’’

मी सगळं सांगितलं. भाऊ, ४३ चा आकडा, व्होल्टेज, वीस मिनिटांची टेस्ट, एप्रिलपासूनचं गोठणं, सत्तेचाळीस टक्के. बाबा मध्ये एकदाही ‘बघ’ म्हणाले नाहीत. फक्त व्होल्टेज ऐकल्यावर हसले. ‘‘आम्ही पण करायचो हे. पिक्चर ट्यूब म्हातारी झाली की चित्र अंधूक यायचं. हीटरला थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं, चित्र लख्ख! गिऱ्हाईक खूश. मी सांगायचो, अहो, ही चार-सहा महिन्यांची सोय आहे. कुणी ऐकायचं नाही.’’

मग म्हणाले, ‘‘म्हणजे बोर्ड गेलेला नाही. मेमरी आयसीतला प्रोग्रॅम अर्धा लिहिलाय, एवढंच. कलर टीव्हीत पण असायची अशी आयसी. आठ पायांची. आतला डेटा बिघडला की टीव्ही वेड्यासारखा वागायचा. आम्ही ती भरून घ्यायचो.’’

दोन मिनिटांत निदान! खरं सांगितल्यावर लागलेली एकूण वेळ, दोन मिनिटं.

महागड्या बोर्डांवर अशा प्रसंगासाठी सोय असते. काहींवर बायोसच्या दोन चिप्स असतात, एक मेली तर दुसरी उठते. काहींवर एक बटण असतं. पेनड्राइव्ह लावून ते दाबलं की प्रोसेसर जागा नसतानाही बायोस परत लिहिला जातो. माझ्या बोर्डवर यातलं काहीच नव्हतं. आठवले ते वाचवलेले दोन हजार? ते इथे गेले.

शुक्रवारी बाबा आणि मी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. दहा वर्षांनी बाबा तिथे आले होते आणि दोन दुकानदारांनी त्यांना लांबून हाक मारली. आम्हाला हवा होता सीएच३४१ए नावाचा यूएसबी प्रोग्रॅमर आणि चिपला वरूनच पकडणारी आठ टोकांची क्लिप. पण त्याआधी घरी बाबांनी भिंगातून चिपवरची अक्षरं वाचून कागदावर लिहून घेतली होती. नशीब घेतली! चिपच्या नावात एमएक्स २५ नंतर ‘यू’ होता. ‘एल’ असता तर चिप तीन व्होल्टची. ‘यू’ म्हणजे १.८ व्होल्टची. प्रोग्रॅमर सरळ लावला असता तर त्याने ३.३ दिले असते आणि जी चिप वाचवायला निघालो तीच भाजली असती. म्हणून १.८ चा छोटा अॅडॅप्टर मध्ये लावायचा. हे सगळं सामान मिळून नव्या बोर्डाच्या किमतीच्या जवळपासही नव्हतं.

परत येताना बाबांना १९९९ आठवलं. त्या वर्षी २६ एप्रिलला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर पाडले होते. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला हा व्हायरस डिस्क तर पुसायचाच, पण बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहायचा. बाबांच्या दुकानाशेजारच्या कॉम्प्युटर क्लासमधली दोन मशीन त्यात गेली. तेव्हा चिप सॉकेटमध्ये असायची. मग क्लासवाल्याने एक चांगलं मशीन चालू केलं, चालू मशीनमधून बाबांनी त्याची चिप अलगद उपसली, मेलेली चिप तिथे बसवली आणि क्लासवाल्याने तिच्यात बायोस लिहिला. ‘‘हात थरथरला असता तर दोन्ही गेल्या असत्या,’’ बाबा म्हणाले. मी सत्तावीस वर्षांची झाले होते आणि ही गोष्ट मला पहिल्यांदा कळत होती.

घरी आलो. बाबांनी टेबलावर पांढरी चादर टाकली, दिवा ओढला आणि म्हणाले, ‘‘मशीनचं मी बघतो. फोनचं तू बघ.’’

‘‘आधी चालू होऊ दे ना.’’

‘‘चालू झाल्यावर सांगितलंस तर ती गंमत झाली. आत्ता सांग.’’

गॅलरीत जाऊन ताईंना फोन लावला. लाइट गेले नव्हते, हे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. पलीकडे बराच वेळ शांतता.

‘‘मला राग आलाय,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मशीन मोडल्याचा नाही. बुधवारी खरं सांगितलं असतंस, तर बुधवारीच तुला आमच्या ऑफिसातलं एडिटिंगचं मशीन दिलं असतं. रिकामंच होतं. तू लाइट म्हणालीस, म्हणून मी यूपीएस पाठवला.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं कारण सांगितलं की मदतसुद्धा खोट्या पत्त्यावर जाते. दुकानदाराने झटका शोधला, ताईंनी बॅटरी पाठवली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पुढच्या प्रोजेक्टबद्दल ताई काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

आत आले तर बाबांनी वीज काढून, नाण्याची बॅटरीही काढून, क्लिप चिपवर बसवली होती. लाल वायर ठिपक्याच्या पायाशी. ती क्लिप मुळीच बसत नाही हो! पाच वेळा निसटली. सहाव्यांदा लॅपटॉपवर चिपचं नाव उमटलं. मी लगेच ‘लिहा’चं बटण दाबायला गेले.

‘‘थांब. आधी आत आहे ते वाचून ठेव. दोनदा. दोन्ही सारखे आले तरच क्लिप नीट बसलीय.’’

वाचलं. पहिल्या दोन वेळा दोन फाइल वेगळ्या आल्या. क्लिप परत बसवली. मग सारख्या आल्या. ती मोडकी फाइलही जपून ठेवली, कारण बोर्डाचा नंबर वगैरे त्यातच असतो. नव्या बायोसच्या फाइलचा आकार तपासला : १,६७,७७,२१६ बाइट, म्हणजे बरोबर सोळा एमबी, चिपएवढाच. मग पुसलं. मग लिहिलं. मग परत वाचून ताडून बघितलं. प्रत्येक पायरीला काही मिनिटं. मला घाई सुटली होती, बाबा प्रत्येक पट्टी संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले होते.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. दहा सेकंद, वीस, चाळीस. ‘‘गेलं,’’ मी म्हणाले. बाबा म्हणाले, ‘‘बस जरा.’’ बायोस कोरा असला की पहिल्यांदा मेमरीची ओळख करून घ्यायला त्याला वेळ लागतो, हे नंतर वाचलं. मिनिटभराने बारीक ‘टिक’ आवाज झाला आणि बोर्डाच्या कंपनीचा लोगो आला. एखाद्या कंपनीचा लोगो बघून डोळ्यांत पाणी येणारी मी पहिली नसेन.

गुणाकाराचा आकडा मी ३६ वरच ठेवला. शनिवारी दुपारी एक्स्पोर्ट लावला. न गोठता पूर्ण. एक तास दोन मिनिटं. ४.३ वर असताना याच फिल्मचा आधीचा कट छप्पन्न मिनिटांत झाला होता.

‘‘म्हणजे सहा मिनिटं,’’ बाबांनी हिशेब केला. ‘‘काय करायचीस त्या सहा मिनिटांत?’’

खूप आठवून बघितलं. काहीच नाही. पट्टी संपली का, ते बघायचे.

त्याच महिन्यात एक मोठी बातमी आली होती. इंटेलने मान्य केलं, की त्यांच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागत होते, म्हणून बिघडत होते. त्यावरचा उपाय ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधूनच आला. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांनाही बायोस अपडेट करावा लागला. तेव्हा त्याला घाबरू नका. फक्त मूळ सेटिंगवर या, पेनड्राइव्हवरून बायोसच्या स्वतःच्या मेनूतून करा आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री करू नका.

फिल्म रविवारी दाखवली गेली. सोमवारी मी स्वतः जाऊन यूपीएस परत दिला. वर्षभराचं ते काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं. चार महिन्यांनी ताईंनी एक छोटं काम दिलं, दहा मिनिटांचं. मेसेजमध्ये शेवटी लिहिलं होतं, ‘काही अडलं तर काय अडलंय ते सांग.’ त्या पैशांतून मी माझा स्वतःचा यूपीएस घेतला. बाबांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली आलाय, माझ्या टेबलाखाली असतो. सोसायटीतले दोघं-तिघं आपापले बंद पडलेले लॅपटॉप घेऊन येतात. बाबा प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारतात.

गेल्या आठवड्यात रात्री अकराला एक्स्पोर्ट चालू होता आणि अचानक घर अंधारलं. यूपीएस चिरकायला लागला. मी फोन हातात घेतला, उशीर होईल असं कळवायला. तेवढ्यात हॉलमधून बाबांचा आवाज आला :

‘‘या वेळी खरंच गेले हं! मी साक्षीदार आहे!’’